ज्याची त्याची धूळ

आमचे आप्पा वारले तेव्हा गल्लीत सगळ्यांनी एकच कारण सांगितलं, सुताची धूळ. बेळगावच्या वडगावात साड्यांचे माग चालवून बऱ्याच जणांची छाती खराब झालेली, त्यामुळं आप्पांचं कुणाला नवल वाटलं नाही. कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप आणि ऐन तरुणपणी पांढरं झालेलं डोकं. केसांकडं आजार म्हणून कुणी पाहिलंच नाही. मला लहानपणी वाटायचं, सूत बसून ते पांढरे दिसतात. आप्पा न्हाऊन आले तरी ते तसेच दिसायचे, तेव्हा मला भीती वाटायची.

आप्पांनी आम्हा दोघा भावंडांना मागावर बसू दिलं नाही. अण्णा खानापूरला हायस्कुलात मास्तर झाला. मी शिकत राहिले आणि बेळगावातच एका प्रयोगशाळेत लागले. आप्पांमागं आई अण्णाकडं राहायला गेली.

माझं काम यीस्टवर चालतं. पाव फुगवणारं तेच यीस्ट. एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रांची टोकं दर खेपेला थोडी झिजतात, आणि ती भरून काढणारं टेलोमरेज नावाचं एक एन्झाइम पेशीत असतं. ते आयतं तयार नसतं. त्याचा आरएनए हा भाग पेशीच्या केंद्रकात तयार होतो, तिथून बाहेर येतो, बाहेर त्याला काही प्रथिनं येऊन चिकटतात आणि मग तो पुन्हा आत जातो. सगळे भाग एकत्र येऊन टोकावर काम करतात ते थोडाच वेळ, पेशी दुभंगायच्या जरा आधी. हे भाग कधी आणि कुठं जुळतात, ते आम्ही बघतो. आरएनएवर चमकणारा ठिपका लावला की सूक्ष्मदर्शकाखाली त्याची ये-जा दिसते.

माझ्याकडच्या यीस्टच्या एका वाणात त्यातलं एक प्रथिन आरएनएला धरतच नव्हतं. गंमत म्हणजे परीक्षानळीत तेच अर्धवट जुळलेलं एन्झाइम व्यवस्थित काम करायचं. जिवंत पेशीत मात्र ते टोकापर्यंत पोचायचं नाही. तरीही पहिले काही दिवस प्लेटवर नेहमीसारख्या टपोऱ्या वसाहती यायच्या. वरून काही कळायचं नाही. आतली टोकं तेवढी आखडत जायची. मग एका सकाळी वसाहती बारीक आणि वेड्यावाकड्या दिसायच्या, आणि पुढं नुसत्या पुसट रेघा. त्या टपोऱ्या प्लेटा हातात धरायचं मी टाळू लागले. त्यांच्यात काय चाललंय ते मला ठाऊक असायचं.

त्याच सुमारास मी एका रविवारी खानापूरला गेले होते. दुपारची जेवणं झाली होती. अण्णा माडीवर आडवा झाला होता आणि आई माझ्याजवळ शेंगा फोडत बसली होती. वरून खोकला ऐकू आला. मान वर न करताच आई म्हणाली, "अवो, पानी आणू का?"

आप्पांना ती असंच विचारायची. आईच्याही ध्यानात आलं. हातातली शेंग तिनं फोडली नाही, नुसती धरून ठेवली.

वरून अण्णाच बोलला, "आई, मी हाय गं."

अण्णानं कधी मागाला हात लावला नव्हता. शाळेतले लोक म्हणत, खडूची धूळ. पण त्याचे केस नोकरी लागायच्या आधीच पांढरे झाले होते. बेळगावला परतताना गाडीत मला संकेश्वरची आत्ती आठवली, आप्पांची बहीण. लग्नानंतर ती मागापासून सुटली. ऐन उमेदीत केस पिकले म्हणून तिला सगळे म्हातारी म्हणायचे, आणि ती खोकून खोकून गेली तेव्हा साखर कारखान्याच्या धुरावर खापर फुटलं. प्रत्येकाला लोकांनी ज्याची त्याची धूळ दिली होती. रक्ताचं नाव कुणीच घेतलं नव्हतं.

टेलोमरेज बिघडलं की माणसांत काय होतं ते मी वाचलेलं होतं. अकाली पिकलेले केस, दगडासारखी होत जाणारी फुप्फुसं. पिढीगणिक टोकं आणखी आखूड होऊन उतरतात, म्हणून आजार पुढच्या पिढीला लवकर गाठतो. हे मी कितीदा दुसऱ्यांना समजावून सांगितलं असेल.

पुढच्या रविवारी मी अण्णाला सगळं सांगितलं. त्यानं मास्तरासारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"औषध हाय का?"

"फुप्फुसाचं बिघडणं हळू करणारं हाय. बरं करणारं न्हाय."

"मग आप्पा धुळीनं गेले न्हाईत म्हण की." अण्णा म्हणाला. "आन त्यांनी आमास्नी धुळीपास्नं लांब ठेवलं."

मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासायला पाठवलं. त्याच एन्झाइमच्या एका भागाच्या जनुकात बिघाड निघाला. मीही रक्त दिलं. माझ्यात काही निघालं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण रिपोर्ट वाचल्यावर असं वाटलं, की सगळे एका गाडीनं निघून गेले आणि मी एकटीच फलाटावर राहिले.

अण्णाला औषधानं काही काळ बरं वाटलं. मग घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. दिवाळी झाल्यावर तो गेला.

अण्णाची आणि वहिनीची मुलगी कॉलेजात आहे. अण्णा गेल्यावर एकदा ती प्रयोगशाळेत आली. म्हणाली, "आत्ती, दाखव मला." मी तिला ठिपके दाखवले, मरत चाललेल्या प्लेटाही दाखवल्या. पुसट रेघांमध्ये एखादी जोमदार वसाहत उगवलेली असते. तिनं नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं.

"ही कशी वाचली?"

"एन्झाइमशिवाय टोकं राखायचा दुसरा मार्ग तिला सापडला."

"माणसात हुतंय तसं?"

खोटं बोलावंसं वाटलं. "हुतंय. पण ते काही कॅन्सरच्या पेशीत."

तिनं प्लेटवरचं बोट काढून घेतलं. मग बाहेर येऊन आम्ही कट्ट्यावर चहा घेतला. तिच्या रक्ताचा विषय मी काढला नव्हता. तिनंच काढला.

"माझं रक्त तपासायचं तुझ्या मनात हाय न्हवं?"

"तू ठरव. पण छातीची तपासणी तेवढी दरवर्षी करत जाऊ."

"ते चालंल. रक्ताचं आत्ता नको. कळलं तर मला आईपुढं रोज तोंड लपवायला लागंल. ती आत्ता कुठं भाकरी गिळाय लागलीया."

मी बरं म्हणाले. खानापूरच्या गाडीला अजून वेळ होता, म्हणून तिनं आणखी एक चहा सांगितला.