चंदनाला सोबत लागते

आमच्या गावाबाहेर एका जुन्या सरदार घराण्याची बाग आहे. वंशज पुण्याला असतात, बाग एक समिती बघते. मधोमध दगडी हौद आणि त्यात कारंजं, जे उडालेलं निदान मी तरी पाहिलेलं नाही. चिंचांच्या सावलीत लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. त्यांच्या मागून एक विटांची वाट ओढ्यापर्यंत जाते, आणि त्या वाटेच्या दोन्ही अंगांना आमच्या गावची गेलेली माणसं उभी आहेत.

झालं असं, की राख प्रवरेत सोडायची नाही असं गावानं ठरवलं. सावडून आणलेली राख या वाटेवर खड्ड्यात घालायची, वर झाड लावायचं, झाडाशी नावाची पाटी. वर्षश्राद्धाचा नैवेद्यही तिथंच ठेवायचा. कल्पना चांगली होती. आमच्याकडं कल्पना चांगल्याच असतात, त्यांच्यावर समिती बसेपर्यंत.

बायको गेली तेव्हा मी चंदन लावलं. ती रोज सकाळी देवासाठी सहाणेवर खोड उगाळायची आणि उरलेलं गंध माझ्या कपाळाला पुसायची. मी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. दिवसभर लाउडस्पीकरवरून ओरडून डोकं तापायचं, ते जरा थंड राहावं म्हणून तिची ही धडपड. डोकं कधी थंड राहिलं नाही, पण ते गंध मात्र मला हवं असायचं.

रोपवाटिकेवाल्यानं चंदनाबरोबर शेवरीचंही रोप दिलं. चंदन नुसत्या स्वतःच्या मुळांवर धड जगत नाही, शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून त्यातलं घेतं, तेव्हा ही सोबत काढू नका असं त्यानं बजावलं. मला हसू आलं. जन्मभर कुणाकडं वाटीभर साखर मागायलाही लाजणारी बाई, आणि तिच्या राखेवर हे असलं झाड.

तिच्या शेजारी एक डाळिंब होतं. ते एका म्हातारीच्या मुलाचं. उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, ट्रॉली उलटून तिच्याखाली गेला. आई आजारी पडली की तो कुठूनही डाळिंब पैदा करून आणायचा, म्हणून तिनं त्याला डाळिंबच लावलं. ती रोज कळशी घेऊन यायची. मी तिला मावशी म्हणायचो. आम्ही दोघं बांधावरच्या शेजाऱ्यांसारखे, आपापल्या झाडाशी बसून इकडचं तिकडचं बोलायचो. घरापेक्षा मला तिथं बरं वाटायचं, हे खरं आहे.

मग कोणी पाहुणे येणार म्हणून समितीनं वाट साफ करायला काढली. ज्याला पाटी नाही ते तण, असा सोपा नियम केला आणि शेवरी उपटून टाकली. मी बैठकीत जाऊन तोंडाचा पट्टा सोडला. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, शेवरी कुणाच्या नावानं होती? चोर चंदन तोडून नेतात म्हणून त्यांनी उलट मलाच झाडाभोवती लावायला एक लोखंडी पिंजरा दिला. ते उपाशी मरेल ही भीती त्यांच्यापैकी कुणाच्या मनाला शिवली नाही.

पण चंदन मेलं नाही. उलट असं फोफावलं, की रोपवाटिकेवाल्यानं उगाच घाबरवलं असं मला वाटायला लागलं. त्याच सुमारास डाळिंबाची पानं पिवळी पडू लागली. मावशी नजर उतरवायची, शेणखत घालायची, पाणी वाढवायची. फळ अक्रोडाएवढं होऊन गळायचं.

माझा भाचा शेतकी शिकलेला. तो आला असताना मी त्याला बागेत नेलं. त्यानं दोन झाडांमधली माती उकरली आणि मला वाकून बघायला लावलं. चंदनाची बारीक मुळं डाळिंबाच्या मुळाला गोचिडासारखी चिकटली होती. डाळिंब आधीच अशक्त आहे, चंदन काढलं तर कदाचित वाचेल, असं तो म्हणाला. मी माती परत लोटली. हात धुतले आणि मावशी यायच्या आत घरी निघालो.

आठवडाभर मी बागेत गेलो नाही. मग गेलो आणि मावशीला सगळं सांगितलं. तुम्ही म्हणाल तर आजच काढतो, असंही म्हणालो. म्हणताना मनातून मी तिच्या नकाराची वाट बघत होतो, आणि तिला ते दिसत होतं.

तिनं डाळिंबाचं एक पिवळं पान खुडलं. मग म्हणाली, "न्हाई भाऊ. म्या एकदा बघितलंय जाताना. तुमाला दुसऱ्यांदा बघाया लावू का?"

उन्हाळ्यात डाळिंब वाळलं. समितीनं तासाभरात ते खोडासकट काढलं, आणि सुशोभीकरणाचा सरकारी निधी आलाच होता तेव्हा सगळ्या वाटेवर खाली काँक्रीट ओतून वर पेव्हर ब्लॉक बसवले. चंदनाभोवती पिंजऱ्याएवढी माती उरली. मावशीच्या मुलाची पाटी त्यांनी ब्लॉकवर स्क्रूनं घट्ट केली, जणू तेच त्याचं झाड.

आता चंदनाचा शेंडा वाळतोय. मी शेवरीची रोपं घेऊन गेलो, तर लावायला माती नाही. ब्लॉक उचकटता येणार नाहीत, सरकारी काम आहे, असं समितीनं कळवलं. भाचा म्हणाला, मामा, आता लावूनही उशीरच होईल. माझं ओरडणं संपलंय. जिथं ऐकायला कुणी समोर आहे तिथं माणूस ओरडतो.

मावशी अजून येते. कळशी चंदनाच्या पिंजऱ्यात रिती करते. परवा मी म्हणालो, मावशी, कशाला दमता, नुसत्या पाण्यानं ते जगत नाही.

तिनं कळशी खाली ठेवली. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "माझ्या लेकरानं तिला पोसलं, तवर पोसलं. आता म्या काय घालू तिला? मी काय झाड न्हाई."