वन्संचं ऑर्किड आणि मामंजींचा कूलर

मी एकदा सिक्कीमच्या ऑर्किडला द्राक्षाचं औषध लावलं. पूर्ण शुद्धीत होते, आणि घरातल्या सगळ्यांनी नको म्हटल्यावर लावलं.

त्याचं असं झालं. माझ्या नणंदेचे यजमान लष्करात. त्यांची बदली सिक्कीमहून थेट राजस्थानात झाली. जाता जाता वन्सं वारूळवाडीला आमच्याकडे उतरल्या आणि एक कुंडी माझ्या हातात दिली. दिसायला कांद्याची पात, मधून दोन दांडे, त्यांवर टपोऱ्या कळ्या.

"वहिनी, तीन वर्षं जपलंय, तेव्हा कुठे पहिल्यांदा कळ्या धरल्यात. वाळवंटात नेलं तर मरेल हो. याला गारवा लागतो. जमेल ना? पाडव्याला येते फुलं बघायला."

"न जमायला काय झालं?" मी म्हणाले. (द्राक्षबागायतदाराची बायको ना मी! अख्खी बाग जगवणारी! खरं तर बाग हे जगवायचे. मी बांधावर डबा पोचवत असे.)

शिमगा उलटला आणि ऊन असं तापलं, की पत्र्यावर पापड भाजून निघाले असते. कुंडी आधी माठाशेजारी ठेवली. पानं मलूल! मग माझी नजर कूलरवर गेली. घरातला एकुलता एक कूलर, मामंजींसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी मुद्दाम आणलेला. मी त्याचं तोंड हळूच कुंडीकडे वळवलं.

बाजेवरून आवाज आला, "सूनबाई, कूलर कुणासाठी आणलाय?"

"तुमच्याचसाठी, मामंजी. पण ती पाहुणी आहे ना!"

"आन् मी काय भाडेकरू हाय व्हय?"

तरी पाहुणीला घाम फुटायचा तो फुटलाच. मग रात्रीपुरती तिची सोय फ्रिजमध्ये केली. कप्पे काढले, दूध, ताक, कोथिंबीर सगळं ओट्यावर मांडलं. पानं मावेनात, म्हणून दार सुतळीने बांधलं. आणि नेमकं लोडशेडिंग! सकाळी दूध नासलेलं, कळ्या पिवळ्या, आणि मामंजींच्या हातात कोरा चहा.

"अगं, ते झाड आहे की कुल्फी?" ह्यांनी विचारलं.

पाडवा तोंडावर आलेला. रोज एखादी कळी गळायची. वन्संना काय तोंड दाखवणार? तेवढ्यात कोठीत हंगामातलं उरलेलं जीए, म्हणजे द्राक्ष फुगवायचं औषध, दिसलं. आमच्याकडे द्राक्षाचे कोवळे घड त्यात बुडवतात, मग मणी लांबतात, फुगतात. माझ्या डोक्यात दिवा पेटला! (तिथेही लोडशेडिंग असतं तर बरं झालं असतं.)

"भलतंच करू नकोस," हे ओरडले. "द्राक्ष वेगळं, हे वेगळं!"

"वेगळं कसं? इथंही दांडा, तिथंही दांडा. मणी फुगतात, मग कळ्या का नाही फुगणार?"

"सूनबाई, नगं!" मामंजीही म्हणाले.

मी दोन्ही दांडे पेल्यात बुडवले. चांगल्या घट्ट औषधात. पाहुणीला कमी कशाला!

कळ्या फुगल्या नाहीत. दांडे मात्र लांबले! लांबले म्हणजे किती? कुंडी खिडकीत आणि शेंडा मामंजींच्या बाजेवर! मी काठीचा आधार दिला, सुतळीने गजाला बांधलं. तरी शेंडा वाकायचा आणि कळी टपकन त्यांच्या चहात पडायची. मामंजी ती बोटाने काढून बाजूला ठेवत.

पाडव्याला वन्सं आल्या. चपला काढायच्या आधी खिडकीपाशी गेल्या. सुतळ्या बघितल्या, काठी बघितली, मासे धरायच्या गळासारखे दांडे बघितले. एकच कळी उरली होती. त्यांनी तिच्याखाली अलगद हात धरला, आणि ती मुकाट्याने हातात येऊन पडली.

"तीन वर्षं वाट बघितली हो, वहिनी," एवढंच म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी प्रायश्चित्त घ्यावं म्हणून मी उठले आणि निदान मामंजींना तरी वारा मिळावा म्हणून कूलर त्यांच्याकडे वळवायला लागले.

मामंजी दोन्ही हात वर करून बाजेवर उठून बसले.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, सूनबाई! तू जीव लावलास की काय व्हतं ते आत्ताच बघितलं म्या. मला अजून नातवाचं लगीन बघायचंय!"