डालग्याची जाळी

मंडळी, आज मी जिंकलो!

सत्तरच्या दशकात परतूरला माझा फोटो स्टुडिओ होता. नव्यानेच मास्तरीण झालेल्या कमलताई वडिलांसोबत आल्या. जाळीची सावली पाडायला मी कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं दिव्यापुढं टांगलं. सावली पुसट पडली. मंग चेहऱ्याजवळ सरकवलं, तर गालावर जाळी अशी ठसठशीत उमटली की मीच बघत राह्यलो!

फोटो बघून वडील भडकले, "पोरीच्या तोंडावर डाग पाडले! बिलकुल न्हाई पायजे."

साधा फोटो दिला, पण हा जाळीवाला मी घरच्या भिंतीवर लावला.

आज कमलताई नातीला घेऊन घरी आल्या. फोटो बघताच नात ओरडली, "आजी, हिरोईन दिसतेस! आजोबा, कोणता फिल्टर लावला?"

"कोंबड्यांचा!"

कमलताईंनी फोटो काढून पिशवीत घातला. भिंत रिकामी झाली, पण छाती फुगली.

तुमच्या घरी आहे का हो अजून डालगं?