सातवा सामना

आमच्या लीगमध्ये माणसं कागदावर खेळायची. चार मित्र, चार संघ आणि सापशिडीच्या डब्यातले दोन फासे. खेळाडू मात्र खरे, बारामती-इंदापूरकडच्या गावांतून टेनिस बॉलवर खेळणारे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर एकेकाचं कार्ड केलेलं होतं. फाशांची बेरीज पाच आली तर चौकार, नऊ आली तर त्रिफळा, असं त्याच्या मैदानावरच्या खेळावरून ठरवलेलं. आम्ही चौघंही गावच्या संघांतून खेळायचो, त्यामुळे आमचीही कार्डं होती, आणि आपलं कार्ड आपल्याच संघात घ्यायची हौस प्रत्येकाला होती.

नियम मी केला. आमच्यातल्या एकाने इंदापूरकडचा एक गडी शोधून काढला होता. पठ्ठ्या अख्ख्या हंगामात एकच सामना खेळला होता आणि त्यात त्याने सत्तर ठोकल्या होत्या. त्याचं कार्ड म्हणजे नुसता धुरळा. दर रविवारी तोच खेळायला यायचा. माझं डोकं फिरलं. वर्षातनं एकदा बॅट धरलेल्या माणसाने आमच्या डोक्यावर मिरे का वाटावेत? म्हणून मी वहीत लिहून टाकलं, की गेल्या हंगामात जो जेवढे सामने मैदानावर खेळला, तेवढेच यंदा कागदावर खेळेल. अर्धवट राहिलेला सामना धरला जाणार नाही. तेव्हा मी नुकताच बारामतीत एका डेअरीच्या ऑफिसात लागलो होतो, आणि नियम, शिक्का, सही यांचं मला नको तेवढं कौतुक होतं.

आमच्यातला शेळगावचा मित्र गावच्या संघाचा कॅप्टन होता, सलामीला यायचा. ज्या हंगामाचे सामने मोजायचे होते, त्याच हंगामात दिवाळीनंतर त्याच्या पायांवर सूज आली. दोन्ही किडन्या गेल्या, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर त्याचे सहा सामने झाले होते. मग तो खाटेवरच आला. आठवड्यातून दोनदा त्याला पुण्याला नेऊन आणायचे, आणि रविवारी आम्ही तिघं त्याच्या पडवीत जमायचो. एरवी पडून असायचा, पण त्याचं स्वतःचं कार्ड खेळायला आलं की उशी पाठीशी घेऊन उठून बसायचा आणि फासे कुणाला टाकू द्यायचा नाही. चौकार गेला की खाटेच्या पाटीवर थाप मारायचा. त्या वेळी तो आजारी आहे हे आम्ही विसरायचो, आणि मला वाटतं, तोही विसरायचा.

फायनल त्याच्या आणि माझ्या संघात होती. यादी करताना मी वही पाहिली. त्याचे सहाही सामने वापरून झाले होते.

"काटेवाडीची मॅच धरली न्हाईस तू," तो म्हणाला.

ती मॅच मला आठवत होती. ऊस तुटून गेलेल्या रानात खेळत होतो. तिसऱ्या षटकात पाटाला पाणी सुटलं, आणि ज्याचं रान होतं तोच यष्टीमागे उभा होता. पाण्याची पहिली पाळी त्याचीच. तो ग्लोव्हज टाकून फावडं आणायला पळाला, आणखी चार-पाच जण पाणी वळवायला आपापल्या दाऱ्यावर गेले, आणि बघता बघता खेळपट्टीवर घोटाभर पाणी झालं.

"चौदा केल्यात मी त्यात. आऊट बी न्हवतो."

"मॅच पुरी झाली न्हाय," मी म्हणालो. "नियमात बसत न्हाय."

"आरं, धर की एक," दुसरा मित्र म्हणाला.

"मग समद्यांच्याच धराव्या लागत्याल."

ही लोणकढी होती. अर्धवट सामना खेळलेल्या बाकी सगळ्यांचे पुरे सामने अजून शिल्लक होते, वहीत मी बघितलं होतं. पण त्याने वाद घातला नाही. माझ्या हातातला पेन घेतला आणि स्वतःच्या हाताने आपलं नाव अकरातून काढून खाली बाराव्याला लिहिलं. अक्षर वाकडं आलं, म्हणून मला सॉरी म्हणाला.

मी अकरा धावांनी जिंकलो. त्यानंतर दीड महिन्याने तो गेला.

नियमाची बूज राखली, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं आहे. आदल्या दोन्ही वर्षी मी फायनल हरलो होतो, आणि त्याचं कार्ड मला भारी पडायचं. तो खेळला असता तर मी पुन्हा हरलो असतो. मला जिंकायचं होतं, एवढंच. एका खाटेवरच्या माणसाकडून, पुठ्ठ्यावरच्या क्रिकेटमध्ये. लाज वाटते, आणि वाटलीच पाहिजे.

सामना सुरू व्हायच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. नाव खाली लिहून झाल्यावर त्याची आई आतून वाटी घेऊन आली. कार्डं, फासे यातलं त्यांना काही कळत नसे. रविवारी पोरगा खेळतो, एवढं मात्र पक्कं ठाऊक. त्या दिवशी फायनल आहे हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणून त्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवायला आल्या होत्या.

"ऱ्हाऊ दे आई," तो म्हणाला. "माझ्या मॅची संपल्या."

त्यांनी चमचा वाटीत परत ठेवला. मग माझ्याकडे वळल्या, कारण वही माझ्या मांडीवर होती.

"हितं बी न्हाय?" त्या म्हणाल्या. "मग आता कुठं खेळायचा रं त्यो?"

मी फासे उचलले आणि म्हणालो, "चला, उशीर हुतोय."