टाकीवरचे तीन ठोके
पेडणे स्टेशनाजवळ मालगाडीची एक जुनी तेलाची वॅगन उभी होती. आम्ही पाच हौशी माणसं दर रविवारी तिचा गंज खरवडायचो. आमच्यात खरे कारागीर एकच, पाळी गावाहून येणारे एक काका. खाणीच्या वर्कशॉपात वेल्डर होते, खाण बंद पडल्यावर घरी बसले. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

वेल्डिंगला हात लावण्याआधी ते टाकीवर हातोडीने तीन ठोके द्यायचे, पत्र्याला कान लावायचे आणि आतला आवाज पुरता विरेपर्यंत थांबायचे. एवढा वेळ मोडतो म्हणून मी वैतागायचो. शेवटी एकदा म्हटलं, "काका, आपण पाचही जण इथे बाहेर उभे आहोत. मग हाक कोणाला मारता?"

त्यांनी डोळ्यांवर काळी काच ओढली. "खाणीत एकदा मी वाजवूक नाय. आत माणूस होतो," एवढंच म्हणाले.

रंग वाळल्यावर टाकीचं झाकण कायमचं बंद करायचं ठरलं. काकांनी हातोडी माझ्या हातात दिली. मी तीन ठोके दिले आणि पत्र्याला कान लावला. पाचही जण बाहेरच होते, मी मोजले होते. तरी बराच वेळ माझ्याने कान काढवेना.