दोघांत एक हाड

“ड्रिल तू घे रे. ह्या धरतील हाड.”

असं म्हणत शिकवायला आलेल्या सरांनी माझ्या हातातलं ड्रिल काढून समोरच्या पोराला दिलं.

सांगलीतल्या एका हॉटेलचा हॉल. रविवार. आम्ही सगळे हाडांचे डॉक्टर. मांडीचं मोडलेलं हाड आतून सळी घालून कसं जोडायचं, त्याची कार्यशाळा होती. प्रत्येक टेबलावर प्लास्टिकची हाडं, सळ्या, स्क्रू. दोघांत एक हाड. शिकंज्यात आवळलं तरी ते घसरतं, म्हणून एकानं धरायचं, दुसऱ्यानं भोकं पाडायची. अर्ध्यावर अदलाबदल. अशा कार्यशाळांचा हा रिवाजच आहे.

त्याआधी सरांनी माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला होता.

“कुठल्या तुम्ही?”

“म्हसवडची.”

“म्हसवडात कुठं?”

हा प्रश्न मला तोंडपाठ आहे. नुसतं गाव विचारून लोकांचं भागत नाही, गावातली बाजू विचारतात. कॉलेजात विचारलं, भाड्याची खोली बघताना विचारलं. मी म्हणाले, “मातंग वस्तीत.” सर “हां” म्हणाले. आणि मग ड्रिल गेलं.

वर त्या पोराला म्हणाले, “तुला हॉस्पिटल चालवायचंय बाबा. ह्यांचं काय, सरकारी नोकरी. बिघडलं तर बदली.”

टेबलावरचे हसले. मीपण हसले.

ते हसले ह्याचं मला फार काही वाटत नाही. मी का हसले? आईनं लोकांची शेतं खुरपून मला शिकवलं ते असं दात दाखवायला?

अर्ध्यावर माइकवरून सांगितलं, आता बदला. पोरगा वाईट नव्हता. पाचगणीच्या शाळेत शिकलेला, बापाच्या हॉस्पिटलात बसणारा. त्यानं ड्रिल माझ्यापुढं धरलं. सर लांबून ओरडले, “पुरं कर रे, मधे सोडू नको.” त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “असू दे. कर तू.”

हे मी म्हणाले. माझ्या तोंडानं.

त्या पोराची सळी एकदा फसली. तो बिनधास्त म्हणाला, “सर, मला जमत नाहीये, पुन्हा दाखवा ना.” सरांनी त्याचा हात हातात घेऊन दाखवलं. त्याला जमत नव्हतं, म्हणजे तो शिकत होता. मला जमत नसतं तर आरक्षणाची सीट वाया गेली असती. म्हणून ‘मला येत नाही’ हे तीन शब्द मी आजवर कुणापुढं उच्चारले नव्हते. एमएस करतानाही ऑपरेशनला मी बहुतेक वेळ हूक धरून, जखम फाकवून उभी असायचे. तेव्हाही गप्पच.

संध्याकाळी फोटो झाला. सर्टिफिकेट मिळालं. प्रत्यक्ष सराव पूर्ण केला, असं त्यावर छापलेलं होतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आहे. थोड्याच दिवसांत तिथं हौसाबाई आली. शेतातलं आलं काढायला निघालेल्या बायकांची ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली होती. तिची उजवी मांडी मोडलेली. मी तिला सांगलीला पाठवणार होते, चिठ्ठी लिहायलाही घेतली. तिनं माझा हात धरला.

“मला न्हाई जायचं कुटं. आपल्यातली डॉक्टरीण हाय म्हनून आले हितं. तू हायस की.”

आपल्यातली. ह्या शब्दानं माझी छाती फुगली, आणि सरांचं ते ‘बिघडलं तर बदली’ही आठवलं. दाखवतेच आता, म्हटलं. चिठ्ठी फाडली.

सळी घातली. शेवटचे स्क्रू मारण्याआधी दोन्ही पाय ताडून बघायचे असतात, मोडलेला पाय फिरलेला नाही ना म्हणून. व्याख्यानात ऐकलेलं होतं. हाताला ठाऊक नव्हतं. सळीच्या भोकात स्क्रू बसेना, घाम फुटला, सगळं लक्ष त्या भोकात. बसला एकदाचा. सुटले, वाटलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले. हौसाबाईच्या डाव्या पायाची बोटं छताकडं होती. उजव्या पायाची दाराकडं.

हाड जुळणार होतं, पण वाकडं. तेव्हाच सांगितलं असतं, तर स्क्रू काढून लगेच सरळ करता आलं असतं. हौसाबाई म्हणाली, “बाय, ह्यो पाय असा का पडलाय?”

मी म्हणाले, “सूज आहे. उतरली की होईल सरळ.”

खोटं बोलले. तिच्या तोंडावर.

काही महिन्यांनी ती तपासणीला आली. हाड पक्कं जुळलेलं. उजवा पाय बाहेर फेकत चालत होती. सरीत उकिडवं बसता येत नव्हतं. मुकादम तिला ट्रॉलीत घेत नव्हता. “म्हनतो, तुला घिऊन काय करू,” ती म्हणाली. तक्रार नव्हती आवाजात. “आसंल, माजं हाडच तसं.”

ते मला सोसलं नाही. मी दार लावलं आणि सांगितलं, “तुमचं हाड चांगलं होतं. मी चुकले. मला हे नीट येत नव्हतं.”

ती म्हणाली, “शिकीवलं न्हाई व्हय तुला कुनी?”

मी सगळं सांगितलं. हॉल, ड्रिल, वस्ती. वाटलं, आता ती सरांना शिव्या देईल.

“आन तू बोलली न्हाईस?”

“नाही.”

“मला तरी सांगायचंस, येत न्हाई म्हनून. गेले आस्ते की सांगलीला.”

सरांचा गुन्हा सरांचा. पण जातीची लाज राखायची म्हणून मी जातीतल्याच एका बाईचा पाय पणाला लावला. तिला न विचारता. अपमान माझा झाला आणि भोगला तिनं. मी माफी मागितली. तिनं मान हलवली, ती माफ केलं म्हणून की जाऊ दे म्हणून, मला कळलं नाही.

त्यानंतरची कार्यशाळा साताऱ्यात झाली. तेच सर. माझ्या जोडीला ह्या वेळी कराडकडचा एक डॉक्टर. सर आले, सवयीनं ड्रिल उचललं आणि त्याच्याकडं केलं.

मी मधे हात घातला. “आधी मी करणार, सर.”

“वेळ कमी आहे, मॅडम. तुम्ही मागं केलंय की. सर्टिफिकेट आहे तुमच्याकडं.”

“ते खोटं आहे. तुम्हीच दिलंय.”

आजूबाजूची ड्रिलं थांबली. मी थांबले नाही. “मला हे येत नाही. मी एका बाईचा पाय वाकडा जोडलाय. वस्ती विचारून ड्रिल देणार असाल, तर हे माइकवर सांगा. नाहीतर मला शिकवा.”

“एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं,” सर म्हणाले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कराडच्या डॉक्टरनं खाली बघितलं. मी ड्रिल घेतलं. पहिल्यांदा चुकले. “पुन्हा दाखवा,” म्हणाले. पुन्हा चुकले, पुन्हा म्हणाले. सरांना दाखवावं लागलं.

हौसाबाईचा पाय अजून तसाच आहे. जुळलेलं हाड कापून, फिरवून, नव्यानं जोडायचंय. तेवढ्या कळा तिला पुन्हा सोसायच्यात, माझ्यामुळं. कुणाकडून करून घ्यायचं ते तिच्यावर सोडलं, तर म्हणाली, “तूच कर. पर जानता मानूस जवळ ठेव.” तसा एक सर्जन मी गाठलाय. त्यांना फोनवर पहिलं वाक्य हेच म्हणाले, की मला हे एकटीनं जमत नाही.

ह्यापुढं जे येत नाही ते पेशंटला आधी सांगणार, तो माझ्या वस्तीतला असो की वाड्यातला. आणि जो शिकवायला उभा राहील त्याला मला शिकवल्याशिवाय पुढं जाऊ देणार नाही. कुणालाच.