मंदारची एक टक्क्याची बियर

घरी बियर करणारा एक मित्र असला की बियर कमी मिळते, किस्से जास्त. इथे सिंगापूरला, पुंगोलमधल्या आमच्याच ब्लॉकमध्ये राहणाऱ्या मंदारमुळे माझ्याकडे इतके जमलेत, की आता कुणाला तरी सांगायलाच हवेत.

सुरुवात डॉक्टरांनी केली. रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर निघालं. "बियर बंद!" मंदारचा चेहरा पडला. शेवटी घासाघीस करून तो घरी आला आणि बायकोला, केतकीला म्हणाला, "एक टक्का अल्कोहोलवाली कधीतरी चालेल म्हणाले." तशी मनासारखी मिळेना, म्हणून यानं घरीच करायला घेतली.

*

सिंगापूरच्या उकाड्यात यीस्ट बिघडतं, त्याला गारवा लागतो. मंदारनं बियरचा ड्रम सरळ बेडरूममध्ये आणला आणि एसी वीसवर लावला.

केतकी दारात उभी राहून बघत होती. "बारा वर्षं झाली लग्नाला. माझ्यासाठी कधी पंचवीसच्या खाली आणला नाहीस!"

*

त्यांची इरा दुसरीत आहे. वर्गात "माझे बाबा" या विषयावर बोलायचं होतं. ती म्हणाली, "माय बाबा मेक्स बियर अ‍ॅट होम." टीचरनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांना धीर द्यायला इरानं पुढे सांगितलं, "व्हेरी वीक वन लाह, ही कॅन ड्रिंक होल डे!"

*

एका रविवारी दुपारी त्यानं आम्हाला चाखायला बोलावलं. आमचा शैलेश अगदी अबोल माणूस. तिसऱ्या ग्लासनंतर तो उठून उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "प्राची, तुझ्या भावाबरोबर मी बाली ट्रिपला येणार नाही. पुन्हा कध्धीच नाही!"

"चढली वाटतं," प्राची हसत म्हणाली.

मंदार ओशाळला. "सॉरी हं, यीस्ट मेलं होतं. हे नुसतं जवाचं पाणी आणि सोडा आहे."

प्राचीचं हसू थांबलं. "म्हणजे शुद्धीत बोललास?"

*

मग साताऱ्याहून अण्णा आले, मंदारचे वडील. तीस वर्षं शाळेत केमिस्ट्री शिकवलेली. दारूचा वास आला तर सख्ख्या भावालाही घरात न घेणारे! मंदारनं नुकताच भरलेला ड्रम घाईघाईनं घरातल्या बॉम्ब शेल्टरमध्ये, म्हणजे आमच्या सगळ्यांच्याच अडगळीच्या खोलीत, खोक्यांमागे दडवला. अण्णा होते ते तीन आठवडे तिकडे फिरकायची त्याची छाती झाली नाही. बियर गेलीच, असं तो धरून चालला होता.

अण्णांना चांगी विमानतळावर सोडून आल्यावर त्यानं मला हाक मारली. आम्ही खोकी हलवली. ड्रमला ओला टॉवेल नीट गुंडाळलेला, बाजूला बर्फ वितळलेल्या पाण्याच्या चार बाटल्या. चव घेतली आणि आम्ही दोघांनी लगेच पुन्हा ग्लास पुढे केले. इतकी सुरेख बियर मंदारला कधीच जमली नव्हती!

झाकणावर टेपनं एक कागद चिकटवला होता. ओळखीचं, टपोरं अक्षर. रोजचं सकाळ-संध्याकाळचं तापमान, बर्फ कधी बदलला, फेस कधी बसला. खाली शेवटची ओळ:

"चव बरी. आमची यापेक्षा कडक होत असे."